महात्माजी : कज्जे मिटविणारे बॅरिस्टर

महात्मा गांधींचे नाव ठाऊक नाही असे घर आपल्या देशात सापडावयाचे नाही. चंपारण्यातील लढा, दांडीची यात्रा, येरवड्याचा तुरुंगवास, १९४७ सालचे स्वातंत्र्य आणि ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत झालेला त्यांचा अंत, या गोष्टी शाळकरी मुलांनाही सांगता येतात. परंतु हे महापुरुष धंद्याने बॅरिस्टर होते, सुमारे वीस वर्षे त्यांनी वकिली केली, आणि इतका काळ कोर्टकचेऱ्यांच्या वातावरणात राहूनही स्वतःच्या मानापमानासाठी कोर्टात जावयाचे नाही असा नियम त्यांनी कटाक्षाने पाळला, ही गोष्ट मात्र फारशी कोणाच्या लक्षात नसते. प्रस्तुत लेखात त्यांच्या राजकारणाची चर्चा करण्याचा हेतू नाही. त्यांच्या चरित्राचा हा एकच पैलू आपल्या ज्ञातिबांधवांपुढे व भगिनींपुढे ठेवावा, एवढाच माफक उद्देश आहे.

असे करण्यास कारणही तसेच आहे. बांधावरची वीतभर जमीन, दोन घरांमधली सामाईक भिंत, लग्नकार्यात राहून गेलेला कोणाचा तरी मान, वडिलांच्या पश्चात झालेली भांड्याकुंड्यांची वाटणी, अशा कारणांवरून सख्खे भाऊ एकमेकांस वकिलामार्फत नोटिसा देतात. बापाने गुदरलेला दावा मुलगा चालवितो, आणि निकाल लागेपर्यंत दाव्यातील जमिनीच्या किमतीएवढा पैसा तारखांच्या येरझाऱ्यांतच खर्ची पडतो. दुसरीकडे दारू, तंबाखू, गुटखा, जुगार यांच्या पायी एखादे घर बुडाले, म्हणजे दोष मित्रांचा, बायकोच्या स्वभावाचा, नाहीतर ग्रहदशेचा! व्यसन जडलेल्या मनुष्याचा तेवढा काहीच दोष नसतो. वरवर पाहता हे दोन रोग निराळे दिसतात. वस्तुतः त्यांचे मूळ एकच आहे. आपल्या चुकीचे खापर दुसऱ्याच्या माथी फोडावयाचे, हे ते मूळ होय. गांधीजींनी ते आपल्यापुरते बालपणीच उपटून काढले. ते कसे, हे पाहू.

बालपणीचे दोष आणि पहिली कबुली

मोहनदास करमचंद गांधी यांचा जन्म २ ऑक्टोबर १८६९ रोजी काठेवाडातील पोरबंदर येथे झाला. वडील करमचंद ऊर्फ कबा गांधी हे संस्थानचे दिवाण. मातोश्री पुतळीबाई अत्यंत व्रतस्थ. अशा घरात वाढलेला मुलगा दोषमुक्तच असणार, अशी आपली समजूत होईल; पण तसे नव्हते. एका नातलगाच्या संगतीने त्यांना धूम्रपानाची गोडी लागली. काकांनी ओढून फेकलेली सिगारेटची थोटके हे दोघे उचलून ओढीत. ती पुरेनात तेव्हा नोकराच्या खिशातील पैसे चोरून विड्या आणीत. पुढे एका मित्राने इंग्रज बलवान का, तर ते मांस खातात म्हणून, असे पटवून दिले. त्याच्या नादाने सुमारे वर्षभरात पाचसहा वेळा चोरून मांसाहार झाला, आणि प्रत्येक वेळी घरी आईला खोटे सांगावे लागले.

याहूनही मोठा अपराध पंधराव्या वर्षी घडला. भावाच्या अंगावर सुमारे पंचवीस रुपयांचे कर्ज झाले होते. ते फेडण्यासाठी भावाच्याच दंडावरील सोन्याच्या कड्याचा तुकडा मोहनदासांनी कापून काढला. कर्ज फिटले, मन मात्र स्वस्थ बसेना. कर्ज भावाचे, कडे भावाचे, तेव्हा आपला दोष तो केवढा, असे म्हणून सुटून जाणे सहज शक्य होते. त्यांनी तसे केले नाही. एका चिठ्ठीवर सर्व अपराध लिहून काढला, शिक्षा मागितली, पुन्हा चोरी न करण्याची प्रतिज्ञा केली आणि ती चिठ्ठी रुग्णशय्येवर पडलेल्या वडिलांच्या हाती दिली. वडिलांनी उठून बसून ती वाचली. त्यांच्या डोळ्यांतून अश्रू वाहू लागले. काही क्षण डोळे मिटून त्यांनी विचार केला, चिठ्ठी फाडून टाकली, आणि एक शब्दही न बोलता ते पुन्हा आडवे झाले. या मूक क्षमेने मुलाच्या मनावर जे संस्कार केले ते छडीने कदापि झाले नसते.

शाळेत आयुष्य घालविलेल्या प्रत्येक शिक्षकाचा अनुभव असा आहे, की चूक सापडताच मुलाच्या तोंडी पहिले नाव शेजारच्या मुलाचे येते. मोठेपणी शेजारच्या मुलाची जागा भाऊबंद घेतात, एवढाच फरक. गांधीजींनी पुढे आत्मचरित्र लिहिले तेव्हा त्या मित्राची हकीकत सांगितली. परंतु त्याची संगत धरण्याचा दोष आपला स्वतःचा होता, हे सांगण्यास ते विसरले नाहीत.

ज्ञातीचा बहिष्कार

१८८८ साली बॅरिस्टर होण्यासाठी विलायतेस जावयाचे ठरले. मद्य, मांस आणि परस्त्री यांना स्पर्श करणार नाही, अशी शपथ बेचरजी स्वामी या जैन साधूंनी त्यांना मातोश्रींसमक्ष दिली, आणि मगच आईची अनुज्ञा मिळाली. परंतु मुंबईस येताच निराळेच विघ्न उभे राहिले. त्यांच्या मोढ वणिक ज्ञातीची सभा भरली. समुद्रपर्यटनाने धर्म बुडतो, असे ज्ञातीच्या शेटजींचे म्हणणे. एकोणीस वर्षांच्याही आतील या तरुणाने भर सभेत नम्रपणे पण ठामपणे आपला बेत बदलण्यास नकार दिला. त्याबरोबर त्यांना ज्ञातिबहिष्कृत ठरविण्यात आले, आणि जो कोणी त्यांना साहाय्य करील किंवा गोदीवर निरोप देण्यास जाईल त्यास सव्वा रुपया दंड फर्माविण्यात आला. ४ सप्टेंबर १८८८ रोजी ते बोटीवर चढले ते असे बहिष्कृत होऊनच.

१८९१ साली परत आल्यावर ज्ञातीत दोन तट पडलेले होते. एका तटाचे समाधान करण्यासाठी वडील बंधूंनी त्यांना आपल्या नाशिक क्षेत्री नेऊन गोदावरीत स्नान करविले, आणि राजकोटास ज्ञातिभोजन घातले. दुसऱ्या तटाने मात्र बहिष्कार चालूच ठेवला. येथे एखादा नवशिका बॅरिस्टर काय करता? अब्रुनुकसानीची नोटीस देता, तटातटांत आणखी फूट पाडता, आणि दहा वर्षे भांडण धुमसत ठेवता. गांधीजींनी यांपैकी काही केले नाही. बहिष्काराचा नियम असा होता, की सासूसासरे, बहीण, मेहुणे यांनीही त्यांना जेवूखाऊ घालू नये. ती माणसे गुपचूप नियम मोडण्यास तयार होती. परंतु उघडपणे जे करता येत नाही ते चोरून करणे गांधीजींना रुचेना. त्या घरी ते पाणीदेखील पीत नसत. या वागण्याचा परिणाम असा झाला, की ज्ञातीने त्यांना कधीही उपद्रव दिला नाही. उलट बहिष्कार पाळणाऱ्या तटातील पुष्कळांनी त्यांच्यावर प्रेमच केले, आणि पुढे त्यांच्या कार्यात मदतही केली.

असा बहिष्कार न्याय्य होता, असे येथे सुचवावयाचे नाही. आज तर महाराष्ट्रात २०१६ च्या कायद्याने सामाजिक बहिष्कार घालणे हाच गुन्हा ठरविला आहे, आणि ते योग्यच झाले. घेण्यासारखी गोष्ट एवढीच, की स्वतःवर झालेल्या अन्यायाला उत्तर देतानाही त्यांनी आपल्या माणसांत कायमचे वैर पेरले नाही.

मुंबई आणि राजकोट

मुंबईत वकिली सुरू झाली ती अपयशाने. स्मॉल कॉज कोर्टात ममीबाई नावाच्या स्त्रीचे एक किरकोळ काम त्यांना मिळाले. काम आणून देणाऱ्या दलालास काही द्यावे लागेल, असे त्यांना सांगण्यात आले. त्यांनी ते साफ नाकारले. उलटतपासणीसाठी उभे राहिले मात्र, पाय लटपटू लागले, डोके गरगरू लागले, एकही प्रश्न सुचेना. ते खाली बसले. घेतलेले तीस रुपये परत केले आणि दुसरा वकील पाहण्यास सांगितले. नाचता येईना अंगण वाकडे, हा जगाचा न्याय. पण येथे त्यांनी ना कोर्टाला बोल लावला ना अशिलाला.

राजकोटास आल्यावर त्यांच्या आयुष्याला वळण लावणारा प्रसंग घडला. वडील बंधूंवर पूर्वी पोरबंदरच्या राणासाहेबांना चुकीचा सल्ला दिल्याचा आरोप आला होता, आणि ते प्रकरण पोलिटिकल एजंटाकडे होते. या गोऱ्या अधिकाऱ्याशी गांधीजींची विलायतेत ओळख झालेली. त्या ओळखीचा उपयोग करावा, असा बंधूंचा आग्रह पडला. मनाविरुद्ध ते भेटीस गेले. साहेबाने सरळ मार्गाने अर्ज करण्यास सांगितले. गांधीजी बोलतच राहिले. तेव्हा साहेबाच्या शिपायाने त्यांना धरून बाहेर घातले. बॅरिस्टराचा हा अपमान! त्यांनी लगेच साहेबास फिर्यादीची धमकी देणारी चिठ्ठी पाठविली. त्याच सुमारास सर फिरोजशहा मेहता एका कामासाठी राजकोटास आले होते. गांधीजींनी एका वकिलामार्फत सारी कागदपत्रे त्यांच्याकडे पाठवून सल्ला विचारला. तरुण बॅरिस्टर अजून जगाच्या व्यवहारास नवखा आहे, त्याने चिठ्ठी फाडून टाकावी आणि अपमान गिळावा, कारण फिर्यादीने काही मिळणार नसून उलट त्याचाच नाश होईल, असा त्यांचा अभिप्राय पडला.

हा सल्ला विषासारखा कडू वाटला, तरी गांधीजींनी तो घेतला. एवढेच नव्हे, तर त्यातून आणखी एक धडा काढला. साहेब उद्धट होता हे खरे. पण ओळखीच्या जोरावर न्यायाचे काम साधावयास आपण गेलो, ही मूळ चूक आपली. पुन्हा असे मिंधेपण पत्करावयाचे नाही, असा त्यांनी निश्चय केला. अपमानाच्या प्रसंगातसुद्धा आपल्या चुकीचा वाटा किती, हे वेगळे काढून पाहणे ही फार दुर्मीळ गोष्ट आहे.

दादा अब्दुल्लांचा दावा

१८९३ च्या एप्रिलात ते दक्षिण आफ्रिकेस गेले. दरबान येथील दादा अब्दुल्ला यांच्या पेढीने प्रिटोरियाच्या तय्यब शेटवर चाळीस हजार पौंडांचा दावा लावला होता. त्यातील कामात मदत करण्यासाठी वर्षभराचा करार झाला. मेहनताना एकशेपाच पौंड आणि जाण्यायेण्याचे पहिल्या वर्गाचे भाडे. दाव्याचा सगळा गुंता जमाखर्चात होता. गांधीजींना नामे आणि जमा यांतला भेदही धड ठाऊक नव्हता. त्यांनी पुस्तक आणून हिशेब लिहिण्याची पद्धत शिकून घेतली, दोन्ही बाजूंचे कागद बारकाईने वाचले, आणि दादा अब्दुल्लांची बाजू खरी असल्याची खात्री करून घेतली.

येथेच सामान्य वकील आणि हे वकील यांतला फरक दिसतो. खटला जिंकण्यासारखा होता. तो वर्षानुवर्षे लांबविला असता तर वकिलांची चंगळ होती. परंतु गांधीजींच्या डोळ्यांपुढे निराळेच चित्र होते. वादी आणि प्रतिवादी एकाच गावचे, परस्परांचे आप्त. दोघांचा पैसा वकिलांच्या घरी चालला होता. धंद्याकडे लक्ष देण्यास वेळ उरला नव्हता. वैर मात्र दिवसेंदिवस वाढत होते. त्यांनी तय्यब शेटना भेटून लवाद नेमण्याची विनंती केली. उभय पक्ष राजी झाले. लवादापुढे काम चालून दादा अब्दुल्लांना सदतीस हजार पौंड आणि खर्च मिळावा असा निवाडा झाला.

गोष्ट येथे संपती तर तीत विशेष काही नव्हते. खरे कसोटीचे काम पुढेच होते. एवढी रक्कम एकदम भरणे तय्यब शेटना अशक्य होते. एक पैही कमी न देण्याची त्यांची तयारी होती; पण दिवाळे निघण्यापेक्षा मरण बरे, अशी त्या व्यापाऱ्यांची रीत. एकच उपाय होता, तो म्हणजे दादा अब्दुल्लांनी लांब मुदतीचे हप्ते द्यावे. जिंकलेल्या अशिलाचे मन वळविणे हे लवादाला संमती मिळविण्यापेक्षाही गांधीजींना कठीण गेले. अखेर दादा अब्दुल्लांनी औदार्य दाखविले, हप्ते बांधून दिले, आणि दोघांचीही अब्रू वाढली. फाटलेली मने जोडणे हेच वकिलाचे खरे काम, हे या पहिल्याच मोठ्या प्रकरणात गांधीजींच्या मनावर कोरले गेले. पुढे वीस वर्षांच्या वकिलीतील बराच काळ शेकडो तंटे आपसात मिटविण्यात गेला. आणि त्यात आपले काहीच नुकसान झाले नाही, पैशाचेही नाही आणि आत्म्याचे तर नाहीच नाही, असे त्यांनी नमूद करून ठेवले आहे.

खोटा दावा घ्यावयाचा नाही, हा त्यांचा दंडक होता. जोहान्सबर्गला एकदा काम चालू असतानाच अशिलाने आपल्याला फसविले आहे असे त्यांच्या ध्यानात आले. त्यांनी तेथल्या तेथे मॅजिस्ट्रेटला आपलाच दावा काढून टाकण्याची विनंती केली. विरुद्ध बाजूचा वकील चकित झाला. अशिलाला त्यांनी खडसावले, आणि त्यानेही आपली चूक कबूल केली.

रुस्तमजी शेठची चौकट

आपल्या प्रत्येक कुटुंबाने मुलाबाळांना वाचून दाखवावा असा प्रसंग पारशी रुस्तमजी यांचा आहे. हे दरबानचे मोठे व्यापारी, गांधीजींचे अशील आणि जिवलग स्नेही. आपल्या बहुतेक गोष्टी ते गांधीजींना सांगत. एक मात्र त्यांनी दडवून ठेवली होती. मुंबई-कलकत्त्याहून येणाऱ्या मालावरील जकात चुकविण्याची त्यांना सवय लागली होती. जकात अधिकाऱ्यांशी सलोखा असल्याने कोणास संशयही येत नसे. अखेर एके दिवशी चोरी उघडकीस आली, आणि रुस्तमजी धावत गांधीजींकडे आले. डोळ्यांत पाणी आणून त्यांनी सारी हकीकत सांगितली.

गांधीजींनी सांगितलेला उपाय ऐकून ते गांगरले. जकात अधिकाऱ्याकडे स्वतः जावे, गुन्हा कबूल करावा आणि ठरेल तो दंड भरावा. आपणापाशी कबुली दिली एवढे पुरे नाही काय, असे रुस्तमजींना वाटले. परंतु अपराध आपला नव्हे, सरकारचा झाला आहे, हे गांधीजींनी त्यांच्या लक्षात आणून दिले. दुसऱ्या एका वकिलाचा सल्लाही घेण्यात आला. ज्यूरीपुढे काम चालल्यास सुटकेची आशा नाही, असे त्यांचेही मत पडले. तुरुंगात जावे लागले तर ती लाज नव्हे, लाज चोरी करण्यातच होती; तुरुंग हे प्रायश्चित्त समजावे, आणि खरे प्रायश्चित्त म्हणजे पुन्हा कधीही जकात न चुकविण्याचा निर्धार, असा गांधीजींचा उपदेश होता. त्यांनी जकात अधिकारी आणि सरकारी वकील या दोघांची गाठ घेतली, सर्व वह्या उघड्या केल्या. शेठच्या कबुलीतील निखळपणा पाहून खटला न भरता तडजोड झाली. चुकविली म्हणून कबूल केलेल्या रकमेच्या दुप्पट दंड भरावयाचा ठरला.

पुढे रुस्तमजींनी जे केले ते विलक्षण होते. ही सारी हकीकत त्यांनी कागदावर लिहून काढली, तिला चौकट बसविली, आणि आपल्या वारसांना व इतर व्यापाऱ्यांना कायमचा इशारा म्हणून ती कचेरीत टांगली. दिवाणखान्यात मानपत्रे टांगणारे पुष्कळ असतात. आपल्या अपराधाची कबुली भिंतीवर लावणारा पुरुष विरळाच. सवय सोडण्याची हीच खरी रीत होय. जी सवय आपण लपवितो ती सुटत नाही. जी चारचौघांत आपली म्हणून कबूल करतो तिचे बळ त्याच क्षणी निम्मे होते.

मार खाऊनही फिर्याद नाही

दक्षिण आफ्रिकेत गांधीजींना जे अपमान सोसावे लागले त्यांची मोजदाद नाही. पहिल्या वर्गाचे तिकीट असता पीटरमॅरित्सबर्ग स्थानकावर त्यांना गाडीतून ढकलून दिले. प्रिटोरियात अध्यक्ष क्रूगर यांच्या घरावरून पायवाटेने जात असता पहाऱ्यावरील शिपायाने काही न सांगता लाथ मारून त्यांना रस्त्यावर लोटले. त्यांचे एक गोरे मित्र कोट्स घोड्यावरून जात होते. त्यांनी हे पाहिले आणि साक्ष देण्याची तयारी दाखविली. खटला हमखास जिंकण्यासारखा. परंतु वैयक्तिक तक्रारीसाठी कोर्टात जावयाचे नाही, असा आपला नियम असल्याचे गांधीजींनी त्यांना सांगितले. शिपायाने पुढे क्षमा मागितली; तीही मागण्याचे कारण नव्हते, कारण गांधीजींनी केव्हाच क्षमा केली होती.

१३ जानेवारी १८९७ रोजी दरबानच्या रस्त्यात गोऱ्या जमावाने त्यांच्यावर दगड, विटा आणि नासकी अंडी फेकली, लाथाबुक्क्यांनी तुडविले. पोलीस सुपरिंटेंडेंटच्या पत्नीने मध्ये पडून आपली छत्री उघडली म्हणून ते वाचले. विलायतेहून वसाहतमंत्री चेंबरलेन यांनी हल्लेखोरांवर खटले भरण्याची तार केली. सरकार स्वतः तयार होते. गांधीजींनी मात्र कोणावरही खटला भरावयाचा नाही असे लिहून दिले. खोट्या बातम्यांनी भडकलेल्या त्या तरुणांपेक्षा त्यांना भडकविणाऱ्या पुढाऱ्यांची जबाबदारी मोठी आहे, असे त्यांचे मत होते. १९०८ च्या फेब्रुवारीत मीर आलम या त्यांच्याच जुन्या अशिलाने जोहान्सबर्गला डोक्यात सोटा घालून त्यांना बेशुद्ध पाडले, तेव्हाही शुद्धीवर येताच हल्लेखोरांना सोडून द्यावे अशीच त्यांची विनंती होती.

यावरून गांधीजी अन्याय निमूट सोसणारे होते असा अर्थ कोणी काढू नये. ज्या कायद्याने हजारो देशबांधवांची मानहानी होत होती त्याच्याविरुद्ध ते वर्षानुवर्षे लढले. दादा अब्दुल्लांचे न्याय्य येणे त्यांनी शेवटच्या हप्त्यापर्यंत बांधून दिले. भेद एवढाच, की सर्वांच्या हक्कासाठी लढणे निराळे आणि स्वतःच्या रागाचे समाधान करण्यासाठी कोर्टाला वेठीस धरणे निराळे.

दुसऱ्याचा दोषही आपल्या माथी

जो मनुष्य आपला दोष दुसऱ्यावर ढकलीत नाही, तो हळूहळू दुसऱ्याच्या दोषातही आपला वाटा शोधू लागतो. फिनिक्स आश्रमातील दोन अंतेवासींचे नैतिक स्खलन झाल्याचे कळताच गांधीजींनी सात दिवस उपवास केला, आणि पुढे साडेचार महिने एकभुक्त राहिले. पालक आणि शिक्षक हा आपल्या मुलांच्या पतनास काही अंशी तरी जबाबदार असतो, ही त्यांची श्रद्धा होती.

याच श्रद्धेची फार कठोर परीक्षा त्यांच्या घरातच झाली. थोरले चिरंजीव हरिलाल दारूच्या आहारी गेले, आणि कस्तुरबांना त्याचे अपार दुःख झाले. मुलाच्या अंगच्या दोषांत आपल्याच असंयमी पूर्वायुष्याचे पडसाद आहेत, असे गांधीजींनी आत्मचरित्रात कबूल केले. परंतु येथे विचार करण्यासारखी एक गोष्ट आहे. वडिलांनी आपला वाटा उचलला म्हणून मुलाचा वाटा नाहीसा होत नाही. बापाने म्हणावे, चुकलो मी. मुलाने म्हणावे, चुकलो मी. तेव्हाच घर सावरते. बाप एकटाच म्हणत राहिला तर काय होते, ते राष्ट्रपित्याच्या घरातच दिसले. १९४८ साली, पित्याच्या मृत्यूनंतर अवघ्या काही महिन्यांत, हरिलालांचाही करुण अंत झाला.

१९२२ च्या फेब्रुवारीत चौरीचौरा येथे जमावाने पोलीस ठाणे पेटवून पोलिसांचे प्राण घेतले, तेव्हा शेकडो कोस दूर असलेल्या गांधीजींनी चळवळ थांबविली आणि पाच दिवस उपवास केला. १८ मार्च रोजी अहमदाबादेस राजद्रोहाचा खटला चालला. बॅरिस्टर असूनही त्यांनी बचाव केला नाही. आरोप कबूल करून कडक शिक्षा मागितली. सहा वर्षांची सजा झाली. त्याच वर्षी लंडनच्या इनर टेंपलने त्यांचे नाव बॅरिस्टरांच्या यादीतून कमी केले. ते पुन्हा चढविले गेले १९८८ साली.

ससून रुग्णालयातील ती रात्र

ही शिक्षा ते पुण्याच्या येरवडा तुरुंगात भोगीत असता १९२४ च्या जानेवारीत त्यांना आंत्रपुच्छाचा विकार झाला. १२ जानेवारीच्या रात्री ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक या इंग्रज शस्त्रवैद्याने तातडीने शस्त्रक्रिया करण्याचे ठरविले. कैदी हिंदुस्थानचा सर्वात मोठा पुढारी. डॉक्टर सरकारी आणि परकीय. काही विपरीत झाले असते तर देशभर आगडोंब उसळला असता. गांधीजींनी श्रीनिवास शास्त्र्यांना बोलावून घेतले, आणि एका निवेदनावर सही केली. डॉक्टरांवर आपला विश्वास आहे, आपल्याला चांगली वागणूक मिळाली आहे, शस्त्रक्रियेस आपली संमती आहे, आणि काही अनिष्ट घडल्यास कोणी सरकारविरुद्ध चळवळ करू नये, असा त्याचा आशय होता. सही करतेवेळी ज्वराने त्यांचा हात कापत होता. बाहेर वादळ सुरू झाले. शस्त्रक्रिया चालू असतानाच विजेचे दिवे गेले, हातातली बॅटरीही विझली, आणि अखेर कंदिलाच्या उजेडात ती पुरी करावी लागली. ती यशस्वी झाली. ५ फेब्रुवारी रोजी त्यांची मुक्तता झाली.

आपल्या पुण्यात घडलेल्या या प्रसंगात अवघ्या चरित्राचे सार आले आहे. मरणाच्या दारातही, दोष द्यावयाचा झाल्यास तो कोणाच्या माथी जाऊ नये, याची काळजी त्यांनी आधी घेतली.

आपण काय घ्यावे?

गांधीजींचे सारेच आपल्याला साधणार नाही, हे उघड आहे. आपण संसारी माणसे. हक्काचे येणे बुडत असेल, विधवेची जमीन कोणी बळकावीत असेल, तर न्यायासनाकडे जाणे हा हक्कच नव्हे तर कर्तव्य आहे. परंतु दावा गुदरण्यापूर्वी दोन गोष्टी करणे प्रत्येकास शक्य आहे. पहिली, या तंट्यात माझी चूक किती, हे कागदावर लिहून पाहणे. दुसरी, ज्येष्ठांना किंवा तटस्थ मध्यस्थाला विचारून तडजोडीचा एक तरी प्रामाणिक प्रयत्न करणे. आज त्यासाठी सोयही आहे. १९८७ च्या कायद्याने स्थापन झालेल्या लोकअदालतीत समेट झाल्यास तो दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकाच बंधनकारक असतो, त्यावर अपील नसते आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते. तात्पर्य, भांडण तेथेच संपते. नातवापर्यंत पोचत नाही.

व्यसनांचेही तसेच. मित्राने पहिला घोट दिला असेल; दुसरा आपणच मागितला. पहिली पुडी उधार मिळाली असेल; पुढल्या पुड्यांचे पैसे आपल्याच खिशातून, म्हणजे मुलांच्या फीतून आणि घरच्या किराण्यातून गेले. हे ज्या दिवशी आपण घरच्या माणसांपुढे बसून कबूल करू, त्या दिवशी सुटकेचा रस्ता दिसू लागेल. आणि अशी कबुली जेव्हा मुलगा, भाऊ किंवा पती देईल, तेव्हा घरच्यांनीही कबा गांधींप्रमाणे ती चिठ्ठी फाडून टाकावी. तिची नक्कल काढून जपून ठेवू नये.

आपल्या मंडळाच्या प्रत्येक कुटुंबात यंदाच्या वर्षी एखादा तरी जुना तंटा मिटो आणि एखादे तरी व्यसन सुटो, अशी ईश्वरचरणी प्रार्थना करून हा लेख पुरा करतो.